परराष्ट्र मंत्रालयाला खुलं पत्र: पुढची भेट झाल्यावरच सांगा

प्रति,
पाकिस्तान विभागातले आणि प्रवक्त्यांच्या ऑफिसातले सगळे साहेब आणि मॅडम,
परराष्ट्र मंत्रालय, नवी दिल्ली

स.न.वि.वि.

सरळ मुद्द्यावर येतो. २० सप्टेंबर २०१८, गुरुवार. तुमच्या प्रवक्त्यांनी ब्रीफिंगमध्ये सांगितलं की न्यूयॉर्कला युएनच्या आमसभेच्या वेळी आपल्या तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमाजी (स्वराज) आणि पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री शाह महमूद कुरेशी भेटणार, इम्रान खानचं १४ तारखेचं पत्र आलंय, विनंती त्यांची आहे, आपण हो म्हटलंय, आणि ही नुसती भेट आहे, चर्चा सुरू झाली असं कुणी समजू नये. ठीक आहे. शुक्रवारी तेच प्रवक्ते परत आले आणि म्हणाले, भेट रद्द. एक दिवस! कारणं दोन दिली, शोपियानमधली पोलिसांची हत्या आणि काश्मीरमधला मारला गेलेला दहशतवादी बुरहान वानीचं उदात्तीकरण करणारी पाकिस्तानची २० पोस्टाची तिकिटं.

हत्येबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, तीन पोलिसांना घरातून उचलून नेऊन मारलं, संताप येणारच आणि यायलाच हवा. पण तिकिटं? ती जुलैत निघाली होती आणि इम्रान खानचा शपथविधी झाला १८ ऑगस्टला. म्हणजे हो म्हणायच्या आधी दोन महिने ती बाजारात होती, इस्लामाबादला आपलं एवढं मोठं हायकमिशन आहे, कुणी बघितली नाहीत का? आणि तुमच्या निवेदनात असं पण होतं की नव्या पंतप्रधानांचा खरा चेहरा पदावर आल्यावर पहिल्या काही महिन्यांतच जगापुढे आला. काही महिने कुठले, जेमतेम महिना झाला होता खुर्चीत बसून. इतक्या घाईत लिहिलेला कागद तुमच्याकडून बाहेर पडतो याचंच मला जास्त आश्चर्य वाटलं, कारण एरवी तुम्ही लोक स्वल्पविरामावर पण तासभर भांडता असं ऐकून आहे.

आणि अजून एक, भेट जाहीर व्हायच्या दोनच दिवस आधी जम्मूच्या सीमेवर बीएसएफच्या जवानाला गळा चिरून मारलं होतं. ते माहीत असताना गुरुवारी हो म्हटलं गेलं. मग शुक्रवारी असं काय बदललं? माझा आपला अंदाज सांगतो, मधल्या रात्री सगळ्या चॅनलवर डिबेट झाल्या, त्यात निवृत्त जनरल ओरडले, आणि एकदा ते झाल्यावर शुक्रवारच्या शोपियानच्या बातमीसकट ती भेट वाचवणं कुठल्याच सरकारला परवडलं नसतं. म्हणजे भेट मेली ती आधी सांगितल्यामुळे. पत्रिका छापून, वाटून झाल्यावर मुलाकडच्यांनी पहिल्यांदा मुलीकडच्यांच्या घरी जायचं, असला प्रकार.

तर माझी मागणी एकच आहे, बाकी सगळं त्याच्या भोवतीचं. दोन परराष्ट्रमंत्र्यांची भेट नाजूक वेळी घडवायची असेल तर ती झाल्यावर सांगा. आणि घडवायची नसेल तर मुळात ठरवूच नका, ठरवून मोडू तर अजिबात नका.

आता लगेच कुणीतरी म्हणेल हा कोण शांतिदूत आलाय, याला वाघा बॉर्डरवर मेणबत्त्या लावायला पाठवा. थांबा जरा. पहलगामला २२ एप्रिल २०२५ ला जे २६ लोक गेले त्यातले सहा आपल्या महाराष्ट्रातले होते, डोंबिवलीचे तीन, पुण्याचे दोन, पनवेलचे एक. त्या घरांसमोर उभं राहून 'चला बोलूया' म्हणायची माझी छाती नाही आणि मी तसं म्हणत पण नाहीये. भेटायचं की नाही हे सरकारनं ठरवावं. मी बोलतोय ते त्यानंतरच्या गोष्टीबद्दल, की भेटायचं ठरलंच तर ती भेट मांडायची कशी. हा कारागिरीचा प्रश्न आहे आणि त्यात आपण मधूनमधून फार कच्चे ठरतो.

बरं, भेटणं म्हणजे नरमाई असं पण काही नाही हो. जून १९९९ आठवा. कारगिलचं युद्ध चालू. ९ जूनला कॅप्टन सौरभ कालिया आणि त्यांच्या पाच जवानांचे छळ करून मारलेले देह परत आले. ११ जूनला आपण पाकिस्तानचे लष्करप्रमुख मुशर्रफ आणि त्यांच्या जनरल अझीझच्या फोनवरच्या बोलण्याच्या टेप जगाला ऐकवल्या. आणि १२ जूनला पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री सरताज अझीझ दिल्लीत होते, आपले परराष्ट्रमंत्री जसवंत सिंहांच्या समोर. आलेच ना? बसलेच ना? जसवंत सिंहांनी त्यांना काय सांगितलं, तर डोंगरावरून खाली उतरा, नियंत्रण रेषेचा मान राखा, बाकी काही नाही. संयुक्त पत्रक नाही, गोडगोड फोटो नाहीत. युद्ध त्यानंतरही दीड महिना चाललं. पण जगाला दिसलं की हा देश दार बंद करून बसलेला नाही, आणि त्या उन्हाळ्यात अमेरिका जी पूर्णपणे आपल्या बाजूला झुकली त्यात या असल्या वागण्याचा वाटा होता असं माझं मत आहे. टेप आदल्या दिवशी सोडायच्या हे ज्यानं कुणी ठरवलं त्याला सलाम. पाहुणा यायच्या आधी टेबलावर काय मांडून ठेवायचं याचं इतकं चोख उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

त्याहून जुनं सांगू? डिसेंबर १९६२. चीननं आपल्याला नुकतंच ठोकलेलं, अमेरिका-ब्रिटन मागे लागलेत की काश्मीरवर पाकिस्तानशी बोला, म्हणून सरदार स्वर्ण सिंह रावळपिंडीला गेले. तेव्हा ते परराष्ट्रमंत्री पण नव्हते, रेल्वेमंत्री होते. समोर झुल्फिकार अली भुट्टो. २७ डिसेंबरला बोलणी सुरू व्हायची आणि २६ च्या संध्याकाळी पाकिस्ताननं जाहीर केलं की चीनशी आमचा सीमेबद्दल तत्त्वतः करार झालाय. विचार करा, आपले जवान लडाखमध्ये पडलेले, आणि पाहुणे गावात पोचल्यावर यजमानांनी ही घोषणा केली. आजच्या काळात काय झालं असतं, विमान परत फिरलं असतं ना? स्वर्ण सिंह थांबले. रावळपिंडी, दिल्ली, कराची, कलकत्ता, परत कराची, परत दिल्ली, मे १९६३ पर्यंत सहा फेऱ्या झाल्या. मधेच मार्चमध्ये भुट्टो पेकिंगला जाऊन त्या चीनच्या करारावर सही करून आले आणि तिथून आल्यावर कलकत्त्याला आपल्याशी बोलायला बसले, तरी आपण उठलो नाही. निष्पन्न काय तर शून्य. हे मी लपवत नाहीये, काही सुटलं नाही. पण बोलणी मोडल्याचा डाग आपल्यावर आला नाही आणि ज्यांच्या मदतीची तेव्हा गरज होती त्यांना दाखवायला आपल्याकडे सहा फेऱ्या होत्या. स्वर्ण सिंह सावकाश बोलायचे, समोरच्याला दमवायचे असं त्यांच्याबद्दल सांगतात. मला तो स्वभाव आवडतो. टीव्हीवर शून्य टीआरपी.

आता आमच्या मुंबईचा विषय. कुरेशी या माणसाचं आपल्याशी काय नशीब जोडलंय कोण जाणे, २६ नोव्हेंबर २००८ ला हेच कुरेशी परराष्ट्रमंत्री म्हणून दिल्लीत होते. हैदराबाद हाऊसमध्ये आपले तेव्हाचे परराष्ट्रमंत्री प्रणव मुखर्जींशी बोलणी झाली, दहशतवादावर सहकार्य, व्यापार, व्हिसा, नेहमीचं सगळं. आणि त्याच रात्री सीएसटी, कामा, ताज, ओबेरॉय, नरिमन हाऊस. इकडे हे, आणि तिकडे आपले गृहसचिव गृहसचिवांच्या बोलण्यांसाठी पाकिस्तानात गेलेले, ते त्या रात्री मरी नावाच्या थंड हवेच्या गावात होते. १६६ माणसं गेली. दोन्हीकडे बोलणी चालू असताना. 'टेरर आणि टॉक्स एकत्र नाही' हे वाक्य लोकांच्या मनात इतकं का बसलंय ते समजायला ही एक तारीख पुरते, आणि मी त्या लोकांना नावं ठेवणार नाही. नंतर प्रणवदांनी कुरेशींना ते पत्रकारांसमोर बसलेले असतानाच फोन करून सांगितलं की आता तुम्ही इथं थांबण्यात अर्थ नाही, घरी जा, विमान हवं असेल तर माझं देतो. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. मला विचाराल तर ते बरोबर केलं. पण बघा, ते पण फोनवर केलं, पत्रकार परिषद घेऊन नाही केलं.

खरी भीतीदायक गोष्ट त्यानंतरची. २८ नोव्हेंबरच्या रात्री पाकिस्तानच्या राष्ट्राध्यक्षांना, झरदारींना, फोन गेला, मी प्रणव मुखर्जी बोलतोय, आणि धमकीची भाषा. त्यांनी खरं मानलं. पाकिस्तानच्या सैन्याला सज्ज राहायचे आदेश गेले. दोन्हीकडे अणुबॉम्ब आहेत बरं का. मग वॉशिंग्टनहून अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री कोंडोलीझा राईसनी प्रणवदांना फोन करून विचारलं तेव्हा कळलं की यांनी असला कॉल केलेलाच नाही, कुणीतरी बनावट माणूस होता. एका खोट्या फोनवरून राष्ट्राध्यक्षांपर्यंत पोचता येतं, कारण कुठला फोन कुठून यायचा, कुणी आधी कळवायचं, उलट फोन करून कुणी खात्री करायची ही साधी पद्धत त्या रात्री कुणी पाळलीच नाही. आज तर एआयनं कुणाचाही आवाज काढता येतो. म्हणून भेटीची तयारी म्हटलं की माझ्या डोक्यात पहिल्यांदा बुके आणि झेंडे येत नाहीत, हे येतं. दोन्हीकडे प्रत्येकी एक असा अधिकारी हवा की ज्याचा नंबर, आवाज आणि स्वभाव समोरच्याला माहीत आहे.

आणि इथेच गाडं अडलंय. ऑगस्ट २०१९ पासून दोन्ही राजधान्यांत हायकमिशनरच नाहीत, २०२० मध्ये स्टाफ निम्म्यावर आणला आणि पहलगामनंतर ५५ वरून ३० वर. हे सगळं करायला त्या त्या वेळी कारण होतं, मान्य. पण ३० माणसांत व्हिसा, कैदी, सिक्युरिटी, अकाउंट्स, ड्रायव्हर, स्वयंपाकी सगळे आले, मग समोरच्या परराष्ट्र खात्यात जाऊन चहा पीत पीत अंदाज घेणारा माणूस उरतो किती? शिक्षा म्हणून आपण त्यांचे कान कापले आणि बरोबरीनं आपले पण.

परत कुरेशी. जुलै २०१०, इस्लामाबाद. आपल्याकडून परराष्ट्रमंत्री एस. एम. कृष्णा, जे त्याआधी आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल होते, मलबार हिलला राजभवनात असायचे, अत्यंत सौम्य गृहस्थ, सूट कायम कडक इस्त्रीचा. ते निघायच्या तोंडावर आपल्याच गृहसचिवांचं वक्तव्य छापून आलं की २६/११ मागे सुरुवातीपासून आयएसआय होती. खरं असेल, बहुतेक खरंच होतं. पण मंत्री बोलायला बसायच्या आदल्या दिवशी? दिवसभर चर्चा झाली आणि मग दोघांना एकत्र पत्रकारांसमोर बसवलं. कुणीतरी लष्कर-ए-तय्यबाच्या हाफिज सईदच्या भाषणांबद्दल विचारलं तर कुरेशींनी थेट आपल्या गृहसचिवांचं नाव घेतलं, म्हणजे सईद आणि आपले गृहसचिव एकाच तागडीत. कृष्णा शेजारी शांत बसून राहिले. दुसऱ्या दिवशी कुरेशी अजून पुढे गेले, म्हणाले मीटिंगमध्ये यांना सारखे दिल्लीहून फोन येत होते. देशभर कृष्णांना शिव्या पडल्या, गप्प का बसलात म्हणून. मला तेव्हापासून वाटतं की चूक कृष्णांची नव्हती, त्या दोघांना माईकसमोर शेजारी शेजारी बसवायचं ज्यांनी ठरवलं त्यांची होती. बोलणी जमलेली नसताना जॉइंट पत्रकार परिषद कशाला? २००१ ला आग्र्यात पण तेच, आत जसवंत सिंह आणि पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री अब्दुल सत्तार कागदावर शब्द जुळवत बसलेत आणि बाहेर मुशर्रफ साहेब संपादकांबरोबर नाश्ता करतायत, तो टीव्हीवर सगळ्या देशाला दिसतोय. तो नाश्ता पाहिल्यावर आपल्या बाजूच्या किती लोकांचा मूड गेला असेल. कागद झालाच नाही, मध्यरात्री पाहुणे निघून गेले.

कागदाचं एक छोटं सांगून पुढे जातो. शर्म अल शेख, जुलै २००९, मनमोहन सिंग आणि पाकिस्तानचे पंतप्रधान गिलानी. जॉइंट स्टेटमेंटमध्ये बलुचिस्तानचा (तिथल्या बंडामागे भारत आहे असा पाकिस्तानचा आरोप असतो) उल्लेख शिरला आणि डॉक्टरसाहेबांना संसदेत ते निस्तरता निस्तरता नाकी नऊ आले. रात्री उशिरा दमलेल्या माणसांनी लिहिलेली ओळ दहा वर्षं छळते. कागद आधी तयार नसेल तर कागद काढूच नका, झालं.

आता जमलेल्याबद्दल. ऑगस्ट २०१५ मध्ये दोन्ही देशांच्या सुरक्षा सल्लागारांची भेट दिल्लीत ठरली होती, तारखा जाहीर झाल्या होत्या, २३-२४ ऑगस्ट. पाकिस्तानी पाहुण्यांनी हुर्रियतला, म्हणजे काश्मीरमधल्या फुटीरतावादी नेत्यांना, भेटायचं की नाही यावरून आठवडाभर दोन्हीकडून पत्रकार परिषदा, तू तू मैं मैं, आणि शेवटी रद्द. त्याच्या आदल्या वर्षी परराष्ट्र सचिवांची भेट पण याच हुर्रियतवरून गेली होती. मग त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला पॅरिसला हवामान परिषदेत मोदीजी आणि नवाझ शरीफ सोफ्यावर बसून काही मिनिटं बोलले, आणि ६ डिसेंबरला, रविवारी, अचानक बातमी आली की दोन्हीकडचे सुरक्षा सल्लागार, डोवाल आणि नासिर जंजुआ, बँकॉकमध्ये भेटले, बरोबर दोन्ही परराष्ट्र सचिव होते, दहशतवाद, काश्मीर, सीमेवरची शांतता सगळ्यावर बोलणं झालं, हे घ्या छोटं पत्रक. बातमी आली तेव्हा बैठक होऊन गेली होती! एकाही चॅनलला 'भेटावं का?' असा डिबेट घेता आला नाही, कारण भेटून झालं होतं. हुर्रियतचा प्रश्न कसा सुटला? सुटलाच नाही, बँकॉकमध्ये तो येतच नाही. गाव बदललं की निम्मी भांडणं आपोआप गळतात. दोनच दिवसांनी सुषमाजी इस्लामाबादला गेल्या आणि ९ डिसेंबरला सर्वंकष चर्चा सुरू करायचं जाहीर झालं. तेच सरकार, तेच डोवाल, तोच शेजारी, मधे फक्त साडेतीन महिने, आणि फरक केवढा.

हो, माहितीये, पुढे २ जानेवारीला पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला झाला आणि सगळं बसलं. बँकॉकच्या पद्धतीनं पठाणकोट थांबवता येत नाही, तेवढा भाबडा मी नाही. पण भेट घडवायचं काम तुमचं आहे, ते त्या वेळी नीट झालं. हल्ला थांबवायचं खातं वेगळं.

अशीच अजून दोन कामं आहेत ज्यांची कुणी फार वाहवा केली नाही. २६ फेब्रुवारी २०१९ ला बालाकोट झालं, अभिनंदन पकडले गेले, सुटले, सगळा देश तापलेला, आणि १४ मार्चला अटारीला दोन्हीकडचे अधिकारी पाकिस्तानातल्या कर्तारपूर गुरुद्वाऱ्याला जायच्या कॉरिडॉरच्या रस्त्याबद्दल, यात्रेकरूंच्या नोंदणीबद्दल बोलत बसले होते. ऑगस्टमध्ये ३७० गेलं, हायकमिशनर परत पाठवले गेले, तरी २४ ऑक्टोबरला सीमेवरच्या झिरो लाइनवर करारावर सह्या झाल्या आणि ९ नोव्हेंबरला यात्रा सुरू. मंत्री नाहीत, हस्तांदोलनाचे फोटो नाहीत, जॉइंट सेक्रेटरी लेव्हलची माणसं आणि एक तात्पुरता मांडव. आणि २५ फेब्रुवारी २०२१, दोन डीजीएमओंचं, म्हणजे दोन्ही लष्करांच्या कारवाई प्रमुखांचं, संयुक्त निवेदन, नियंत्रण रेषेवर गोळीबार बंद. आदल्या दिवशीपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. संयुक्त अरब अमिरातीनं मधे काहीतरी केलं होतं हे त्यांच्याच राजदूतांनी नंतर बोलून दाखवलं. ती शस्त्रसंधी बरीच वर्षं टिकली, सीमेवरच्या गावांतली पोरं शाळेत जाऊ लागली.

याच्या उलट १० मे २०२५. ऑपरेशन सिंदूरनंतरचे ते चार दिवस, आणि गोळीबार थांबतोय हे आम्हाला कुणाकडून कळलं, तर ट्रम्प साहेबांच्या पोस्टवरून. नंतर परराष्ट्र सचिव विक्रम मिस्रींनी येऊन सांगितलं की दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी पाकिस्तानच्या डीजीएमओंचा फोन आला होता, थेट दोघांत ठरलं, मध्यस्थी कुणाची नाही. पण तोपर्यंत जगभर हेडलाईन गेली होती आणि ती पुसायला महिने गेले. म्हणजे नुसतं गप्प बसून भागत नाही. तिसऱ्या गावात भेटणार असाल, किंवा तिसऱ्यानं नुसता फोन जरी जोडून दिला असेल, तर पहिली ओळ कोण, कुठे, किती वाजता लिहिणार हे त्या तिसऱ्याशी पण आधीच पक्कं करा. लेखी. काही काही यजमानांना फोन हातात आला की राहवत नाही.

गोव्याबद्दल बोलल्याशिवाय पत्र पुरं होणार नाही. मे २०२३, शांघाय सहकार्य संघटनेच्या परराष्ट्रमंत्र्यांची बैठक, बाणावलीला समुद्राकाठच्या हॉटेलात. पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री बिलावल भुट्टो आले. २०११ ला त्यांच्या तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री हिना रब्बानी खार दिल्लीत येऊन गेल्या होत्या, त्यानंतर जवळजवळ बारा वर्षांनी पाकिस्तानचा परराष्ट्रमंत्री भारतात येत होता. (खार बाई आल्या तेव्हा आपल्या मीडियानं त्यांच्या पर्स आणि मोत्यांवर जेवढं लिहिलं तेवढं सीमेपलीकडच्या व्यापाराच्या वाढवलेल्या दिवसांवर लिहिलं नाही, तो वेगळा विषय.) गोव्यात काय झालं, जयशंकर साहेबांनी सगळ्यांना लांबूनच नमस्कार केला आणि दोन दिवस टीव्हीवर चर्चा कशावर तर हात का नाही मिळवला यावर. त्याच दिवशी, ५ मे ला, राजौरीत आपले पाच जवान गेले. संध्याकाळी मंत्र्यांनी बिलावलना दहशतवादाच्या इंडस्ट्रीचे प्रवक्ते म्हटलं. ते शब्द मला पटले. पण द्विपक्षीय भेट मुळात ठरलेलीच नव्हती आणि दोन्ही बाजूंनी तसं आधीपासून स्पष्ट ठेवलं होतं, त्यामुळे काही मोडलं नाही, कुणाला रद्द करावं लागलं नाही, बैठक पार पडली, पाहुणे गेले. कडक शब्द वापरूनही प्रोटोकॉल शाबूत राहतो हे तुम्हीच दाखवलंत. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये जयशंकर इस्लामाबादला गेले, तिथंही द्विपक्षीय काही नाही, जेवणाच्या वेळी पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री इशाक दार यांच्याशी दोन शब्द, बस. न्यूयॉर्कच्या २०१८ पेक्षा हे शंभर पटीनं बरं.

'लोकांपासून लपवायचं म्हणजे लोकशाही कुठे गेली' हा आक्षेप मला मान्य नाही, पण त्याला उत्तर द्यायला हवं. बँकॉकच्या वेळी विरोधकांनी हेच म्हटलं होतं. माझं म्हणणं असं की भेट आधी सांगणं आणि नंतर हिशोब देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नंतर संसदेत सांगा ना, सविस्तर सांगा, प्रश्न विचारू द्या, सुषमाजींनी तेव्हा दोन्ही सभागृहांत निवेदन केलंच होतं. विरोधी पक्षनेत्याला हवं तर आधी विश्वासात घ्या. मी नागरिक म्हणून मागतोय तो हिशोब नंतरचा आहे, आधीचा ट्रेलर मला नको.

आणि हे सगळं मला का पडलंय? डहाणू, तलासरी, पालघरकडचे खलाशी. आमच्या किनाऱ्यावरची ही पोरं ओखा, पोरबंदर, वेरावळच्या बोटींवर कामाला जातात, समुद्रात रेषा मारलेली नसते, बोट पलीकडे गेली की पाकिस्तानी सुरक्षा दलाची लाँच येते आणि मग कराचीचं मलीर जेल. शिक्षा असते काही महिन्यांची, पण शिक्षा संपून पण वर्षानुवर्षं तिथेच, कारण सुटका कधी व्हायची हे कोर्टावर कमी आणि दोन देशांच्या मूडवर जास्त. कैद्यांची प्रकरणं बघायला निवृत्त न्यायाधीशांची एक संयुक्त समिती होती, ती शेवटची बसली ऑक्टोबर २०१३ मध्ये. त्या घरांतल्या बायकांनी काय करायचं? मोठ्या साहेबांची भेट ठरली अशी बातमी आली की त्या आशेला लागतात, रद्द झाली की परत तेच. तुमच्यासाठी ते एका दिवसाचं निवेदन असतं.

पण याच कैद्यांच्या बाबतीत तुमचंच एक काम मला फार आवडतं. २००८ च्या करारानुसार दर १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात. १ जानेवारीला अणुप्रकल्पांच्या याद्या पण देतात, ती पद्धत तर १९९२ पासून आहे. कारगिल झालं, संसदेवर हल्ला झाला, मुंबई झाली, अणुप्रकल्पांची यादी चुकली नाही. सिंदूरनंतर दोन महिने पण झाले नव्हते तरी १ जुलै २०२५ ला कैद्यांच्या याद्या दिल्या-घेतल्या गेल्या. कुणी विचारलं नाही की याद्या का देता, बक्षीस देता का. कारण ती तारीख आहे. तारखेला राग नसतो.

मग परराष्ट्रमंत्र्यांचं पण असंच का करू नये? आमसभेच्या आठवड्यात न्यूयॉर्कला दोघे असतातच. तिथं दरवर्षी ठरलेली वीस मिनिटं, अजेंडा असो नसो, जाहीर न करता, फोटो न काढता, जसवंत सिंहांसारखं 'खाली उतरा' एवढंच सांगायचं असलं तरी चालेल. वाईट वर्ष असेल तर पाच मिनिटांत उठा. दुसरे मंत्री आले, दुसरा पक्ष आला तरी तीच वेळ. मग ती भेट कुणावर मेहेरबानी राहणार नाही आणि रद्द करून कुणाला मर्दुमकी पण दाखवता येणार नाही. पलीकडचे मानतील का? पहिल्या वर्षी नाही मानणार, किंवा मानून त्याच रात्री ट्विट करतील. ते करतील ते करू देत, आपला प्रवक्ता 'सांगण्यासारखं असेल तेव्हा सांगू' एवढं म्हणून पुढच्या प्रश्नावर जाऊ शकतो, तो त्याच्या नोकरीचाच भाग आहे.

आणि तोवर निदान एवढं करा, न्यायाधीशांची ती समिती परत बसवा. त्याला मंत्री लागत नाहीत, न्यूयॉर्क लागत नाही, ब्रीफिंग लागत नाही. तारीख ठरली तरी आम्हाला सांगू नका.

कळावे,
पालघर जिल्ह्यातला एक मतदार